‘अनादि वहिवाट’ या प्रमाणाचें परीक्षण : महाडचा निवाडा व मावळांतील टाकीं

जुन्या कागदांत ‘पूर्वापार’ या शब्दाइतका सुलभ आणि त्याच्याइतका फसवा शब्द दुसरा नाहीं. वतनाचा कज्जा असो, शिवेचा वाद असो, कीं होळीच्या पोळीचा मान असो, प्रत्येक पक्ष आपली गोष्ट पूर्वापार चालत आल्याचें सांगतो. दोन्ही पक्ष तेंच सांगत असल्यानें त्या शब्दास स्वतःचें वजन उरत नाहीं, हें महजर वाचणारांस ठाऊक आहे. वजन असतें तें कागदास, शिक्क्यास आणि साक्षीदारांच्या नांवनिशीस. कै. राजवाडे यांनीं अस्सल साधनांचा जो आग्रह धरिला त्याचें मर्म हेंच होय.

तथापि एका दाव्यास ही कसोटी लावण्यास आपण संग्राहक व संशोधक फारसे पुढें आलों नाहीं. अस्पृश्य मानलेल्या लोकांनीं सार्वजनिक पाण्यावर जाऊं नये ही अनादि वहिवाट आहे, हा तो दावा होय. त्याची परीक्षा झाली ती संशोधन-मंदिरांत न होतां न्यायालयांत झाली. महाडच्या चवदार तळ्यासंबंधीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें १७ मार्च १९३७ रोजीं दिलेला निवाडा कायद्याच्या अभ्यासकांनीं पुष्कळ वाचला आहे. साधनचिकित्सेचा नमुना म्हणून तो इतिहासाच्या अभ्यासकांनींहि वाचावयास पाहिजे. त्या निवाड्याचें परीक्षण करावें, त्याच्या कसोटीस मावळांतील शिलालेख लावून पहावे, आणि उलट पक्षानें मांडिलेल्या ऐतिहासिक मतांसहि तीच कसोटी लावावी, असा या लेखाचा हेतु आहे.

महाड कोंकणांत आणि मावळ घाटमाथ्यावर. मग दोहोंची सांगड कां घालावी, असें कोणी विचारील. त्यास कारणें दोन. लोणावळ्यापासून देहूरोडपर्यंतच्या टापूंत पाण्याच्या दानाचे अतिप्राचीन लेख जवळजवळ सांपडतात, हें एक. दुसरें असें कीं, महाडास ज्यांनीं ओंजळभर पाणी उचललें त्या डॉ. आंबेडकरांचा तळेगांव दाभाडे येथें बंगला होता, आणि इतिहासासंबंधीं त्यांनीं केलेलें एक महत्त्वाचें विधान मावळाच्या पूर्वेकडील दाराशीं, देहूरोड येथें झालेलें आहे. तें विधान आपल्याच क्षेत्रांतील असल्यानें त्याची वाट पुढें पाहूं.

(१) दाव्याची हकीकत

मुंबईच्या कायदे कौन्सिलानें ४ ऑगस्ट १९२३ रोजीं रा. सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशानें बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेंच शाळा, दवाखाने, कचेऱ्या यांचा उपयोग अस्पृश्य वर्गांस करूं द्यावा, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेनें जानेवारी १९२४ मध्यें चवदार तळें सर्वांस खुलें केल्याचा ठराव केला. परंतु तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजीं परिषदेस जमलेला समुदाय डॉ. आंबेडकरांच्या मागून तळ्यावर गेला व पाणी प्याला. त्यावर दंगा झाला, तळ्याची ‘शुद्धि’ झाली, आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजीं नगरपालिकेनें आपला पूर्वीचा ठराव मागें घेतला. बोले यांच्या ठरावास त्या दिवशीं बरोबर चार वर्षें झालीं होतीं.

डिसेंबरांत दुसरी परिषद भरावयाची होती. तत्पूर्वीं, १२ डिसेंबर १९२७ रोजीं, महाडच्या कांहीं स्पृश्य गृहस्थांनीं दिवाणी दावा लाविला, आणि दोन दिवसांनीं तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. न्यायालयाचा मान राखून परिषदेनें तळ्यावर जाण्याचें स्थगित केलें. २५ डिसेंबर रोजीं मनुस्मृतीचें दहन झालें तें याच परिषदेंत. मनाईहुकूम १९२८ च्या फेब्रुवारींत उठला. महाडच्या न्यायालयानें १९३१ सालीं, ठाण्याच्या अपील न्यायालयानें १९३३ सालीं, आणि शेवटीं उच्च न्यायालयानें १९३७ सालीं वादींच्या विरुद्ध निकाल दिला. दहा वर्षें चाललेल्या या दाव्यांत वादींचें म्हणणें थोडक्यांत असें होतें : तळें स्पृश्यांच्या मालकीचें आहे, निदान अस्पृश्यांस वगळून त्याचा उपभोग घेण्याची अनादि वहिवाट तरी आहे.

(२) निवाड्याची चिकित्सा

निवाडा देणारे न्यायमूर्ति ब्रूमफील्ड व वाडिया हे होत. यांपैकीं ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ सालीं अहमदाबादेस म. गांधींस सहा वर्षांची शिक्षा सांगणारे न्यायाधीश. त्यांनीं केलेलें प्रमाणांचें विवेचन तीन पायऱ्यांनीं जातें.

पहिली पायरी आठवणीची. अस्पृश्य लोक तळ्यावर येत नसत, हें हयात माणसांच्या आठवणीपुरतें दाखविलें गेलें. परंतु आठवण म्हणजे अनादि काळ नव्हे. तोंडी पुरावा दोन किंवा तीन पिढ्या मागें जातो. त्यापलीकडे कागद पाहिजे, आणि तसा कागद वादींजवळ नव्हता. आपल्या मंडळींस ही पायरी नवी नाहीं. पाटलाच्या घराण्याची वंशावळ चौथ्या पुरुषापलीकडे गेली कीं आपण कागद मागतों.

दुसरी पायरी परिस्थितीची. तळ्याच्या भोंवतीं हिंदूंचीं घरें उभीं राहीपर्यंत त्या पाण्यावर कोणी एकट्याचा हक्क बजावण्याचा यत्न केला असेल कीं नाहीं याविषयीं न्यायालयानें शंका दर्शविली. इतिहासाच्या दृष्टीनें निवाड्यांतील हा सर्वांत मार्मिक विचार होय. मनाई ही कोणा एका वेळीं, वस्तीच्या एका विशिष्ट मांडणींत उत्पन्न होते. तिला जन्मकाळ असतो. घरें केव्हां झालीं, घाट कोणीं बांधिला, वेस कोठें होती, हें पाहिल्याविना ‘अनादि’ म्हणणें म्हणजे तारीख न पाहतां पत्राचा काळ ठरविण्यासारखें आहे.

तिसरी पायरी पुराव्याच्या ओझ्याची. देवळांच्या बाबतींत दीर्घ वहिवाटीवरून उच्च जातींच्या अनन्य हक्काचें अनुमान निघूं शकेल, आणि आपणहि त्या देवळाच्या उपासकांत मोडतों हें सिद्ध करण्याचा भार अस्पृश्यांवर पडूं शकेल. तळ्याच्या बाबतींत मात्र तसें अनुमान करतां येत नाहीं, असा भेद न्यायालयानें केला. म्हणजे पाण्यावर मनाई करणारानेंच आपली मनाई सिद्ध केली पाहिजे. दाव्याचा निकाल याच एका खिळ्यावर टांगलेला आहे.

येथवर निवाडा निर्दोष आहे. पुढें तो थांबतो. वहिवाट सिद्ध झाली असती तर ती न्याय्य आहे कीं नाहीं याचा विचार करावा लागला असता. ती सिद्धच न झाल्यानें त्या प्रश्नावर आम्ही मत देत नाहीं, असें न्यायमूर्तींनीं स्पष्ट लिहून ठेविलें. न्यायाधीशाचा हा संयम योग्य असेलहि. परंतु त्याचा परिणाम काय झाला तें पाहिलें पाहिजे. समजा, महाडच्या एखाद्या कारकुनाच्या रुमालांत शंभर दीडशें वर्षांपूर्वींचा एक मनाईचा कागद निघाला असता, तर तहानेल्या माणसाचा हक्क त्या कागदानें डळमळला असता काय? निवाडा या प्रश्नाचें उत्तर देत नाहीं. दुसरा उणेपणा देवळाविषयींच्या भेदांत आहे. तळ्यावरचें ओझें उचललें, पण देवळाच्या दाराशीं तें तसेंच राहिलें. पुण्याच्या पर्वतीवर १९२९ सालीं व नाशिकच्या काळारामापुढें १९३० ते १९३५ या काळांत ज्यांनीं सत्याग्रह केला त्यांस तें ओझें प्रत्यक्ष भोगावें लागलें.

निवाड्याचा अतिरेकी अर्थहि करूं नये. ‘अनादि वहिवाट सिद्ध झाली नाहीं’ याचा अर्थ ‘पूर्वीं अस्पृश्यता नव्हती’ असा होत नाहीं. चोखामेळ्याची समाधि पंढरीस महाद्वारापुढें पायरीशीं आहे, आंत नाहीं. ही दगडाची साक्ष कोणी पुसूं शकत नाहीं. चाल जुनी होती. प्रत्येक पाणवठ्यावर, प्रत्येक काळीं, एकाच रूपानें ती होती असें मात्र म्हणतां येत नाहीं.

हा विचार आपल्याच देशापुरता नाहीं. अमेरिकेंतील दक्षिणेकडच्या लुइझियाना संस्थानानें १८९० सालीं आगगाडींत गोऱ्या व काळ्या उतारूंस निराळे डबे लावण्याचा कायदा केला. होमर प्लेसी यानें त्यास हरकत घेतली; परंतु १८९६ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें कायदा उचलून धरिला, आणि लोकांच्या रूढ चालीरीति पाहून वागण्यास कायदेमंडळ मोकळें आहे असें एक कारण दिलें. १७ मे १९५४ रोजीं त्याच न्यायालयानें सार्वजनिक शाळांपुरतें हें तत्त्व टाकून दिलें. पुढच्याच वर्षीं व्हॅन वुडवर्ड या इतिहासकारानें ‘द स्ट्रेंज करिअर ऑफ जिम क्रो’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून, ज्या वेगळेपणास लोक अनादि म्हणतात त्याचे बहुतेक कायदे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांतले आहेत असें दाखविलें. पुढें इतर अभ्यासकांनीं कायद्यापूर्वींहि चाल होती असें दाखवितांच त्यानें नंतरच्या आवृत्त्यांत आपलें मत सुधारून घेतलें. १९४६ सालीं डॉ. आंबेडकरांनीं काळ्या लोकांचे पुढारी ड्यू बॉइस यांस पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितींतील साम्याचा उल्लेख केला होता. तेव्हां ही तुलना आम्हीं ओढून आणलेली नव्हे. तिच्यांतून घेण्याजोगा बोध एवढाच कीं, ‘अनादि’ हा शब्द तपासणें हें इतिहासकाराचें काम आहे, आणि तपासतांना स्वतःस सोयीचें तेवढेंच न पाहणें हाहि त्या कामाचा भाग आहे.

(३) मावळांतील पाण्याचे लेख

आतां मावळाकडे वळूं. लोणावळ्याहून पुण्याकडे येतांना मळवलीच्या उत्तरेस कार्ले व दक्षिणेस भाजे. पुढें कामशेतजवळ पाले, पवन मावळांत बेडसे, आणि देहूरोडच्या बाजूस शेलारवाडी. या लेण्यांतील लेख ढोबळ मानानें इसवी सनापूर्वींच्या दोन व नंतरच्या दोन शतकांतील आहेत.

भाज्यास एका टाक्यावर कौशिकीपुत्र विण्हुदत्त या महारठ्यानें ‘पोढी’, म्हणजे पाण्याचें टाकें, दान दिल्याचा लेख आहे. बेडश्यास टाक्यापाशीं जो लेख आहे तो सामडिनिका नांवाच्या महारठिनीचा. ती आपण महाभोजाची कन्या व आपदेवणकाची पत्नी असल्याचें सांगते. पाले येथील लेख अरिहंतांच्या वंदनानें आरंभ होतो, आणि भदंत इंदरखितानें लेणें व पोढी करविल्याचें नोंदितो. हा लेख सांकलिया व शोभना गोखले यांनीं प्रसिद्ध केला. सारांश, बौद्ध असो वा जैन, सरदार असो, स्त्री असो वा यति असो, पाणी करून देणें हें लेख कोरून ठेवण्याजोगें पुण्य समजलें जात होतें.

दात्यांचे व्यवसाय पाहिले तर ते तितकेच बोलके आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहाचें द्वार धेनुकाकटच्या वेणुवासाचा पुत्र सामि या वढकीनें, म्हणजे सुतारानें केलें. खांब यवनांनींहि दिले. शेलारवाडीचें लेणें धेनुकाकटच्या उसभणक नांवाच्या नांगरधारी कुणब्याची पत्नी सिअगुतणिका हिनें पुत्रासह दिलें. ज्या घरीं नांगर चाले त्या घरच्या बाईचें नांव दगडावर आहे.

यावरून काय सिद्ध होतें? उत्साही लेखक म्हणतील कीं, त्या काळीं मावळांत पाण्याला जात नव्हती. आमच्या मतें एवढें म्हणण्यास हे लेख पुरत नाहींत. ते दात्याचें नांव सांगतात, पिणाराचें सांगत नाहींत. कार्ल्याच्या दानलेखांत लाभार्थी म्हणून ‘चारी दिशांचा संघ’ येतो. तो संघ जन्मावरून ठरत नसे हें खरें, तरी संघ म्हणजे गांव नव्हे. डोंगरांतील भिक्षूंच्या टाक्यावरून खालच्या गांवच्या विहिरीची रीति ठरवितां येत नाहीं.

परंतु हीच तराजू दुसऱ्या पारड्यासहि लावा. या लेखांत पाण्यावरील मनाईचा एक शब्दहि नाहीं. ‘अनादि’ म्हणणारास आपली वहिवाट निदान येथपर्यंत तरी मागें न्यावी लागेल. आणि येथें त्याला आधार मुळींच मिळत नाहीं. मौनावरून मोकळीक सिद्ध होत नाहीं, तशी मनाईहि सिद्ध होत नाहीं; आणि ओझें मनाई सांगणारावर असल्यानें मौनाचा तोटा त्यालाच सोसावा लागतो. ब्रूमफील्ड यांनीं कायद्यांत जें केलें तें मावळच्या दगडावर उतरवून पाहिलें तरी उत्तर तेंच येतें.

(४) उलट पक्षाचे दावे

येथवर एका पक्षाची झडती झाली. आतां अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या बाजूनें जीं ऐतिहासिक मतें मांडिलीं गेलीं तीं पाहूं.

पहिलें ‘नाक’ या प्रत्ययाचें. शिवकालीन व पेशवेकालीन कागदांत महारांचीं नांवें रायनाक, सिदनाक अशीं येतात. कोरेगांवच्या स्तंभावरहि तशीं नांवें कोरलेलीं आहेत. इकडे कार्ल्याचा सिंहस्तंभ देणारा महारठी अग्निमित्रणक, बेडश्याचा आपदेवणक, शेलारवाडीचा उसभणक. कानास हें साम्य मोठें गोड लागतें, आणि त्यावरून थेट वंशाचा धागा जोडण्याचा मोह होतो. परंतु मधला सुमारें पंधराशें वर्षांचा काळ रिकामा आहे. एवढी मोठी दरी दोन अक्षरांच्या पुलावरून ओलांडतां येत नाहीं. जें निश्चयानें म्हणतां येतें तें थोडें असलें तरी मोलाचें आहे : त्या प्राचीन काळीं हा प्रत्यय महारठ्याच्याहि नांवास लागे व नांगरधाऱ्याच्याहि; म्हणजे तो हीनत्वाची खूण नव्हता. पुढें तो एका जातीपुरता उरला असेल तर तें केव्हां घडलें, याचा शोध नांवांच्या याद्यांतूनच लागेल.

दुसरें बावन हक्कांचें. बेदरच्या बादशहानें अमृतनाकाच्या इमानावर प्रसन्न होऊन महारांस बावन हक्क दिले, ही परंपरा देशावर सर्वत्र ऐकूं येते. तिचें रूप कथेचें आहे, सनदेचें नाहीं. इमानी सेवक, संकटांतील बेगम, मोहोरबंद पेटी हीं लोककथेचीं लक्षणें तींत स्पष्ट दिसतात. इतिहास म्हणून ती स्वीकारतां येत नाहीं. तथापि वतनदारांच्या गांवांत ज्याला बसावयास जागा नव्हती त्यालाहि आपला हक्क बादशाही सनदेच्या भाषेंतच सांगावा लागला, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. आणि त्याच समाजांतून निघालेल्या पुढाऱ्यानें १९२८ सालीं त्या वतनाविरुद्धच कायदे कौन्सिलांत बिल आणिलें. हक्क म्हणून जें सांगितलें जाई तेंच बंधन असल्याचें त्यानें ओळखिलें होतें. ही वतनें १९५८ च्या कायद्यानें नष्ट झालीं.

तिसरें मत स्वतः डॉ. आंबेडकरांचें. ‘द अनटचेबल्स’ या १९४८ सालच्या ग्रंथांत त्यांनीं अस्पृश्य हे मूळचे पांगलेले, बौद्धमतानुयायी लोक होत, आणि अस्पृश्यता इ. स. ४०० च्या सुमारास उद्भवली, असें प्रतिपादिलें. साखळींतील कांहीं दुवे सांपडत नाहींत, तेथें कल्पनेनें पूल बांधावा लागतो, हें त्यांनीं प्रस्तावनेंतच सांगून टाकिलें आहे. हा प्रामाणिकपणा वाखाणण्याजोगा आहे. पण अनुमानास अनुमानच म्हटलें पाहिजे, हेंहि त्यांतूनच निघतें.

२५ डिसेंबर १९५४ रोजीं, महाडच्या दहनास बरोबर सत्तावीस वर्षें होत असतां, देहूरोड येथें त्यांच्या हस्तें बुद्धमूर्तीची स्थापना झाली. तुकोबांचें देहू येथून जवळ. त्या प्रसंगीं त्यांनीं पंढरपूरची विठोबाची मूर्ति वस्तुतः बुद्धाची असल्याचें सांगितलें. पुंडलिक म्हणजे कमळ, पालींत त्यास पांडुरंग म्हणतात, असा आधार दिला. आणि या विषयावर प्रबंध लिहून तो पुण्याच्या इतिहास संशोधक मंडळापुढें वाचण्याचा मानस व्यक्त केला, असें त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनीं नोंदिलें आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजीं ते निवर्तले, आणि असा प्रबंध त्यांनीं प्रसिद्ध केला नाहीं.

तो वाचला गेला असता तर सभेंत कोणते प्रश्न उठले असते, याची कल्पना करणें कठीण नाहीं. ‘पुंडरीक’ म्हणजे श्वेत कमळ हें खरें. परंतु ‘पंडरंग’ हा शब्द हेमचंद्राच्या देशीनाममालेंत रुद्रवाचक असल्याकडे रा. गो. भांडारकरांनीं लक्ष वेधिलें होतें. तेव्हां केवळ शब्दावरून मूर्ति बुद्धाची ठरत नाहीं. मात्र मत निराधार म्हणून बाजूस सारावें असेंहि नाहीं. महाराष्ट्रांत दशावताराच्या चित्रांत नवव्या, म्हणजे बुद्धाच्या स्थानीं विठ्ठल दाखविण्याची रीति आहे, आणि संतांनीं विठ्ठलास बौद्धावतार मानल्याची साक्ष रा. चिं. ढेरे यांनीं ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ सालच्या ग्रंथांत सविस्तर तपासली आहे. लोकांच्या श्रद्धेंत दोन्ही दैवतें एकत्र आलीं, हें सिद्ध होतें. मूर्ति मूळची बुद्धाची, हें त्यावरून सिद्ध होत नाहीं.

(५) निष्कर्ष

दोन्ही पक्षांस एकच कसोटी लाविली. अनादि मनाईचा दावा टिकला नाहीं. ‘नाक’, बावन हक्क व विठोबा यांविषयींचे दावेहि पूर्णांशानें टिकले नाहींत. म्हणून दोन्ही बाजू सारख्याच ठरल्या, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो या परीक्षणाचा विपर्यास होईल. या ठिकाणीं एक भेद काटेकोरपणें पाळिला पाहिजे. स्पृश्यांचा विशेष हक्क सर्वस्वीं इतिहासावर उभा होता. वहिवाट सिद्ध न झाल्याबरोबर तो कोसळला. अस्पृश्यांचा हक्क इतिहासावर कधींच उभा नव्हता. बावन हक्कांची सनद खोटी ठरली, नागवंशाचा धागा तुटला, विठोबा बुद्ध नसल्याचें उद्यां निर्विवाद ठरलें, तरी तळ्याचें पाणी पिण्याचा महारांचा हक्क तसूभरहि कमी होत नाहीं. महाडास जे ओंजळ भरून पाणी प्याले त्यांनीं वंशावळ दाखविली नव्हती, आणि तशी ती कोणी मागावयासहि नको होती. निवाड्यानें अनुत्तरित ठेविलेल्या प्रश्नास पुढें २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या राज्यघटनेनें उत्तर दिलें : सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली, आणि पंधराव्या कलमांत विहिरी, तळीं व घाट यांचा नांव घेऊन उल्लेख केला. मनाईचा कितीहि जुना कागद आतां निघाला तरी तो इतिहासाचें साधन ठरेल, हक्काचें नाहीं.

याचा एक लाभ संशोधकांसहि आहे. हक्क इतिहासावर अवलंबून नाहीं हें एकदां मान्य झालें म्हणजे इतिहास निर्भयपणें तपासतां येतो. ‘नाक’ प्रत्ययाविषयीं शंका घेणारा महारांचा वैरी ठरत नाहीं, आणि मनाईचा जन्मकाळ शोधणारा धर्माचा वैरी ठरत नाहीं.

शेवटीं संग्राहक बंधूंस विनंति. मावळांतील देशमुख-देशपांडे घराण्यांचे रुमाल आपल्यापैकीं अनेकांनीं उलगडले आहेत. त्यांतील महजर छापतांना वरच्या मानकऱ्यांचीं नांवें देऊन खालीं ‘व इतर बलुते’ असें लिहून आपण हात आंवरतों. त्या ‘इतर’ शब्दाखालीं महार, मांग, रामोशी यांचीं नांवें गाडलीं जातात, आणि तीच नेमकी आज हवीं आहेत. दुसरें, विहीर खणण्याच्या इनामाचे, पाणवठ्याच्या तंट्याचे, वेस हलविल्याचे कागद क्षुल्लक म्हणून बाजूस टाकूं नयेत. मनाईला जन्मकाळ असतो हें ज्यावरून ठरेल तें साधन हेंच. लोहगड, विसापूर, राजमाची, तुंग, तिकोना या किल्ल्यांच्या घेऱ्यांतील परवाऱ्यांच्या नेमणुकीच्या यादी कोठें आढळल्या तर गडावरील कोणत्या टाक्याचें पाणी कोणाकडे होतें याचा उल्लेख त्यांत आहे कीं काय, हें अवश्य पहावें. तिसरें, जे कागद महारवाड्यांतील घरांत आहेत, हाडकी-हाडोळ्याच्या जमिनीचे, तराळकीच्या पाळीचे, ते पाहण्यास आपण फारसे गेलोंच नाहीं. वतनें गेल्यावर त्या कागदांची किंमत घरच्यांसहि वाटेनाशी झाली, आणि ते चुलींत जाण्यास किंवा पावसांत भिजण्यास वेळ लागत नाहीं. तेथें जावें, कागद वाचून त्यांचा अर्थ घरच्यांस सांगावा, नक्कल मागावी, आणि मूळ कागद त्यांच्याच घरीं ठेवावा.

विण्हुदत्ताचें टाकें भाज्याच्या डोंगरांत आजहि आहे. त्या पाण्यावर कोण आला व कोणास परतविलें, हें दगड सांगत नाहीं. जे कागद सांगूं शकतील ते अद्याप कोठेंतरी गांठोड्यांत आहेत; ते हातीं येईपर्यंत ‘पूर्वापार’ हा शब्द लिहितांना आपण लेखणी थांबवावी, हेंच उचित होय.